वाचकांचे प्रश्न : डोक्यावर तोफ घेऊन चालणारे गोलंदाज

प्रश्न : सर नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. माझे आजोबा (आईचे वडील) दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते, खेचरांवरच्या तोफखान्यात. ते सांगायचे की आमच्या शेजारी हबशी पलटण होती, ते लोक तोफेचे तुकडे डोक्यावर घेऊन डोंगर चढायचे, भाषा काही कळायची नाही पण 'दुनिया' आणि 'साबण' हे शब्द त्यांचे आमचे जवळपास सारखेच. घरात कुणी मनावर घेतलं नाही, म्हातारा रंगवून सांगतोय असंच सगळ्यांना वाटायचं. आता आजोबा नाहीत आणि मला राहून राहून वाटतं की आपण नीट विचारायला पाहिजे होतं. हे खरं असू शकतं का? आणि ते लोक कोण, पुढे त्यांचं काय झालं?

उत्तर : ताई, खरं आहे. आजोबा काहीही रंगवून सांगत नव्हते, उलट तुमचं पत्र वाचून मलाच भरून आलं.

आधी 'हबशी' शब्दाचं बघू. आपल्याकडे जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे कुठल्याही आफ्रिकन माणसाला हबशी म्हणायची सवय, पण हबसाण म्हणजे इथिओपिया, तो पार पूर्वेला. आजोबांचे शेजारी खंडाच्या दुसऱ्या टोकाचे, पश्चिम आफ्रिकेतले, म्हणजे नायजेरिया, गोल्ड कोस्ट (आजचं घाना), सिएरा लिओन आणि गांबिया या इंग्रजांच्या चार वसाहतींमधले. त्यांच्या दोन डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांच्या दोन मोठ्या फौजा, ब्रह्मदेशात लढल्या, 81वी आणि 82वी. आणि भाषेचं म्हणाल तर त्या फौजेत हौसा भाषा खूप चालायची, तिच्यात जगाला 'दुनिया' आणि साबणाला 'साबुलु' म्हणतात, दोन्ही शब्द तिकडे अरबीतून आलेले, आपल्याकडेही अरबीतूनच. म्हणजे आजोबांचा कान किती पक्का होता बघा.

आता डोक्यावरच्या तोफेचं. पश्चिम आफ्रिकेच्या बऱ्याच भागात त्से त्से नावाची माशी असते, तिच्या चाव्यातून होणाऱ्या रोगाने घोडे, खेचरं टिकतच नाहीत, त्यामुळे तिथे ओझं म्हटलं की माणसाचं डोकं. पहिल्या महायुद्धात टोगोलँड, कॅमेरून आणि मग पूर्व आफ्रिकेत याच फौजेचे गोलंदाज, म्हणजे तोफ चालवणारे शिपाई, 2.95 इंची छोटी पहाडी तोफ घेऊन लढले, तीसुद्धा सुटी करून हमालांच्या डोक्यावरून नेत. ब्रह्मदेशात त्यांच्याकडे 3.7 इंची हॉवित्झर, म्हणजे गोळा उंच उडवून टाकणारी आखूड तोफ, होती, अख्खी तोफ साधारण 730 किलोची, सुटी केली की 8 खेचरांवर बसायची, एकेक गोळा 9 किलोचा. आपल्या पहाडी बॅटऱ्या (तोफांच्या तुकड्या) ती खेचरांवर न्यायच्या आणि यांच्याकडे तेच वजन आणखी वाटून माणसं घ्यायची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर लोखंड, पावसात निसरड्या चढावर, वरून जपानी गोळीबार. मे महिन्यात हंडा घेऊन अर्धा किलोमीटर चाललेल्या बाईला विचारा, मान काय बोलते ते. हे लोक महिनोन्महिने चालले.

81वी डिव्हिजन 1944 च्या सुरुवातीला आराकानमधल्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनारपट्टीतल्या, कलादान नदीच्या खोऱ्यात उतरली. तिकडे रस्ताच नव्हता, तिच्या माणसांनीच डोंगरातून 75 मैलांची जीपची वाट खोदून काढली, आणि पुढे तर धान्य, औषधं, दारूगोळा सगळं विमानातून पॅराशूटने पडायचं, त्यावर जगायचं आणि त्यावरच लढायचं.

तुमच्या आजोबांसारख्या आपल्या गोलंदाजांचा संबंध इथेच येतो आणि मला ही गोष्ट फार जवळची वाटते. हवालदार उमराव सिंग, हरियाणातल्या पालडा गावचे, 30व्या माउंटन रेजिमेंटचे, याच 81व्या डिव्हिजनच्या मदतीला दिलेले. 15-16 डिसेंबर 1944 ची रात्र, कलादान खोरं, 8व्या गोल्ड कोस्ट पलटणीच्या मदतीला पुढे लावलेली तोफ. दीड तास जपानी तोफा आणि मॉर्टरचा (उखळी तोफांचा) मारा झाला, मग किमान दोन कंपन्या अंगावर आल्या. शेवटी गोळ्या संपल्यावर उमराव सिंगांनी तोफ उचलायची लोखंडी पहार हातात घेतली. सहा तासांनी प्रतिहल्ला करून आपले लोक पोचले तेव्हा ते बेशुद्ध होते, अंगावर सात जखमा, आजूबाजूला दहा मेलेले जपानी, आणि तोफ त्याच दिवशी पुन्हा डागली गेली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला, 2005 साली ते वारले. सोलापुरातल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे, सांगा बरं.

जानेवारी 1945 मध्ये आराकानमधलं म्योहाउंग, म्हणजे आजचं म्राउक ऊ, पश्चिम आफ्रिकन फौजेने घेतलं. आजोबांच्या सामानात जुने बिल्ले असतील तर बघा, 81व्या डिव्हिजनचा बिल्ला पिवळ्यावर काळा कोळी, गोल्ड कोस्टच्या अशांती लोकांच्या गोष्टींतला अनान्सी तो. 82व्याच्या बिल्ल्यावर हमालाच्या चुंबळीत अडकवलेले दोन भाले, अर्थ असा की आम्ही लढतो ते आमच्या हमालांच्या जोरावर. एवढ्या फौजांच्या एवढ्या बिल्ल्यांमध्ये हमालाला मान देणारा बिल्ला मला हाच सापडला.

पुढचं सांगताना वाईट वाटतं. 28 फेब्रुवारी 1948 ला गोल्ड कोस्टची राजधानी आक्रा इथे माजी सैनिक आपलं पेन्शन आणि दिलेली वचनं मागायला निःशस्त्र मोर्चा घेऊन गव्हर्नरकडे निघाले होते, पोलिसांनी वाटेतच गोळी घातली. तिघं जागीच गेले : सार्जंट अॅजेटी, कॉर्पोरल अटिपो, प्रायव्हेट ओडार्टे लॅम्प्टी. शहर पेटलं, आणि 6 मार्च 1957 ला घाना स्वतंत्र झाला. आपण 12 जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्म्यांना हार घालतो ना, तसे तिकडे हे तिघं.

ताई, एक काम करा. आजोबांचं पेन्शन बुक किंवा डिस्चार्जचा कागद घरात असेल तर त्यावर रेजिमेंट आणि बॅटरीचा नंबर असू शकतो, तो मला कळवा. मेडल असेल तर कड नीट पुसून बघा काही कोरलंय का, आणि सहा टोकांचा ब्राँझचा तारा, रिबिनीत मधे लाल पट्टा, दोन्हीकडे निळा-नारिंगी, असं काही दिसलं तर तो बर्मा स्टार, ब्रह्मदेशाच्या लढाईतल्या सैनिकांना मिळालेलं पदक, त्याला भंगारात जाऊ देऊ नका. आणि मामा, मावशी, जे कोणी आजोबांच्या तोंडून हे ऐकलेले असतील त्यांना या दिवाळीत बसवून मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, साबणाचा शब्द आठवतो तर अजून काय काय आठवत असेल.