जादू आणि धर्म यांत नेमका फरक काय?

तुम्ही विचारलंय, देवाला विनवणं तो धर्म आणि मंत्राच्या जोरावर काम करून घेणं ती जादू, हा फरक सगळीकडे लागू पडतो का? नाही पडत. हा निकष मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरचा, आणि प्रत्यक्ष विधीसमोर तो टिकत नाही.

काविळीचंच बघा. अथर्ववेदातलं 1.22 हे सूक्त काविळीवरचं, आणि ते कसं वापरायचं ते कौशिकसूत्राच्या, म्हणजे अथर्ववेदाच्या विधींच्या ग्रंथाच्या, 26व्या कंडिकेत (खंडात) दिलंय. तांबड्या बैलाचे केस घातलेलं पाणी रोग्याला पाजायचं, तांबड्या बैलाच्याच कातड्यावर बसवायचं. हळदभात खाऊ घालायचा आणि उष्टा उरलेला भात त्याच्या अंगाला पार पायाच्या चवड्यांपर्यंत माखायचा. मंत्रात आलेले पोपट वगैरे पक्षी खाटेखाली डाव्या तंगडीला पिवळा दोरा बांधून ठेवायचे आणि वर रोग्याला न्हाऊ घालायचं. पाणी पक्ष्यांवरच पडलं पाहिजे, नाहीतर पिवळेपणाला जायला जागाच नाही. बैलाची तांबडी कांती रोग्याला, त्याचा पिवळेपणा पक्ष्यांना, असा सगळा हिशेब.

ही जादू वाटते ना? पण यातली 'शुकेषु मे हरिमाणं' (माझा पिवळेपणा पोपटांवर) ही ऋचा ऋग्वेदाच्या सूर्यसूक्तात (1.50) आहे आणि तृचाकल्प, म्हणजे या सूक्तातल्या ऋचा म्हणत, सूर्यनमस्कार घालणारे ती म्हणतात. अथर्ववेदात 'मे' (माझा) जाऊन 'ते' (तुझा) आलं, बाकी ऋचा तीच. त्यामुळे 'आमचे ते मंत्र, खेड्यातल्यांचे ते तोडगे' म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. तिथे फरक विधीचा नसतो, करणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा असतो.

भारताबाहेरही तेच. इंग्लंडमधल्या बाथ इथे देवी सुलिस मिनर्वाच्या झऱ्यात रोमन काळातले, शाप कोरलेले शिशाचे सुमारे 130 पातळ पत्रे सापडले. बरेचसे चोरीबद्दलचे. चोरीला गेलेली वस्तूच देवीला अर्पण करायची, म्हणजे चोर देवीचा गुन्हेगार ठरतो. तो माहीत नसतो, म्हणून 'गुलाम असो वा स्वतंत्र, बाई असो वा पुरुष' असं लिहायचं, म्हणजे कुणी सुटत नाही. पत्रा गुंडाळून झऱ्यात टाकायचा. देवळातच केलेली ही करणी नवसही आहे.

महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कदाचित म्हणूनच जादूची तात्त्विक व्याख्या केली नाही, अनुसूचीत 12 प्रकारची कृत्यं दिली. साप चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा. प्रदक्षिणा, यात्रा यांना हात लावलेला नाही. माझ्या मते कुणाला इजा होते की नाही, एवढी एकच रेघ कामाची.

आणि हो, हळदभाताने कावीळ बरी होत नाही. डोळे पिवळे दिसले तर आधी रक्त तपासून घ्या.