बामणोलीत तंबू टाकल्यावर काय पाहाल?

प्रश्न : डिसेंबरात सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीला तंबूत दोन रात्री राहणार आहोत. सोबत दोन मुलं आणि गुडघे दुखणारे सासरे. कासची फुलं सोडून आसपास काय पाहावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, फुलांचा बहर सप्टेंबरातला, त्यामुळे तुमची रुखरुख नको. एक अख्खा दिवस वासोटा किल्ल्याला द्या. बामणोलीहून लाँचने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडायचा, मेट इंदवलीला वनखात्याची नोंद करायची आणि दाट झाडीतून चढायचं. हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, म्हणून सकाळी लवकर निघा आणि मुलांना पुढे पळू देऊ नका. माथ्यावरून बाबूकडा दिसला की पाय आपोआप थबकतात.

सासऱ्यांना मात्र हा चढ नको, त्यांच्यासाठी जलाशयातली फेरी ठेवा. 1960 च्या दशकात कोयना धरणाच्या पाण्याखाली इथली गावं गेली. नावाडी वयस्क असेल तर त्याला जरूर विचारा, कोणतं गाव कुठे होतं. माझ्या मते सहलीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

परतताना कास तलावावर थांबा. ठोसेघरचा धबधबा डिसेंबरात रोडावतो, तो पावसाळ्यासाठी राखून ठेवा. रात्री थंडी कडाक्याची, सासऱ्यांना कानटोपी हवीच.