कागदावरून नजर उठते तेव्हा

प्रश्न: मार्टिन ल्यूथर किंगचं ते स्वप्नवालं भाषण व्हिडिओवर दोनदा बघितलं. अर्ध्याहून जास्त वेळ ते चक्क वाचतायत, हातवारे पण फार नाहीत, मग शेवटी शेवटी अंगावर काटा का येतो?

उत्तर: बरोबर पकडलंत. २८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टनचं लिंकन स्मारक, समोर अडीच लाखांच्या आसपास माणसं, आणि किंगसमोर लिहून आणलेलं भाषण, ज्यात स्वप्न नव्हतंच! अमेरिकेने काळ्या लोकांना दिलेला समान हक्कांचा चेक वटलाच नाही ही उपमा भारीच आहे, पण ती डोक्याला पटते. मग मागून गायिका महालिया जॅक्सन ओरडतात, मार्टिन, त्यांना स्वप्नाबद्दल सांग, आणि ते कागद बाजूला सारतात. (आयत्या वेळी सुचलं असं नाही हं, ‘माझं एक स्वप्न आहे’ हेच पालुपद जूनमध्ये डेट्रॉइटला म्हणून झालं होतं, म्हणजे पाठ होतं.) आता परत बघा, मान वर आलीय, नजर गर्दीवर आहे आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात तीच, त्यामुळे पुढचं काय येणार ते लोकांना आधीच कळतं आणि ते मधल्या गॅपमध्ये हुंकार भरतात. काळ्यांच्या चर्चमधली ही जुनी सवय, धर्मोपदेशक थांबतो ते लोकांनी बोलावं म्हणूनच. उजवा हात उंच जातो तो अगदी शेवटी, तोपर्यंत सगळं काम आवाजाने केलेलं असतं.

मंडेलांचंही तसंच. २० एप्रिल १९६४, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचं कोर्ट, आरोपीच्या पिंजऱ्यातून जवळजवळ तीन तास वाचन, आणि शेवटचं वाक्य आलं की कागद खाली ठेवून थेट न्यायाधीशांकडे बघत, पाठ केलेलं म्हणायचं, की वेळ आली तर सगळ्यांना समान संधी देणाऱ्या मुक्त समाजाच्या ध्येयासाठी मरायची तयारी आहे. फाशी होऊ शकत होती, हातवाऱ्यांची गरजच काय!

आणि माझ्या मते सगळ्यात जबरदस्त फॅनी लू हेमर, अमेरिकेतल्या काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या कार्यकर्त्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीला डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे, टेबलाशी बसून, मतदार नोंदणीच्या कामापायी मिसिसिपीच्या तुरुंगात कसं मारलं ते सांगत होत्या, साध्या शब्दांत, डोळ्यात पाणी, आणि शेवटी विचारलं, हीच का अमेरिका? त्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन इतके धास्तावले की कॅमेरे आपल्याकडे वळवायला त्यांनी घाईघाईत पत्रकार परिषद लावली, तरी संध्याकाळी चॅनेल्सनी हेमरबाई दाखवल्याच. आणि त्या तर खुर्चीतून उठल्यासुद्धा नव्हत्या.