अमेरिकेत नर्स मॅनेजरने डी.एन.पी. करण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस.एन. (नर्सिंगमधलं मास्टर्स) झालेलं आहे, टेक्सासमध्ये मेडिकल-सर्जिकल वॉर्डच्या नर्स मॅनेजर आहात, पुढे डायरेक्टर आणि जमलं तर चीफ नर्सिंग ऑफिसर व्हायचंय. मग डी.एन.पी. (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, म्हणजे नर्सिंगच्या प्रत्यक्ष कामातली डॉक्टरेट) करावी, पीएच.डी. करावी की सरळ एम.बी.ए.? एवढा पैसा आणि एवढ्या संध्याकाळी खर्चून हाती काय लागतं?

मी मुंबईत बी.एस्सी. नर्सिंग करून इकडे आले. आधी बेडसाइड, मग मॅनेजर, आता डायरेक्टर. डी.एन.पी. नोकरी सांभाळत केली. माझं मत आहे की करावी, पण बढतीसाठी म्हणून करू नये.

बढतीचं आधी सांगते, कारण त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. प्रशासनातल्या पदाला डी.एन.पी. सक्तीची नाही. उत्तम नर्सिंगसाठी रुग्णालयांना मिळणाऱ्या मॅग्नेट मानांकनाच्या नियमांतसुद्धा चीफ नर्सिंग ऑफिसरला किमान मास्टर्स लागतं, डॉक्टरेट नाही. २००४ साली अमेरिकन नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने २०१५ पर्यंत डॉक्टरेटवर जायचं ठरवलं, पण ते बंधनकारक नव्हतं; नर्स प्रॅक्टिशनर, अ‍ॅनेस्थेशिया नर्स अशा थेट उपचार करणाऱ्यांबरोबर त्यात प्रशासनही धरलं होतं. ती मुदतही कधीच उलटून गेली. अ‍ॅनेस्थेशियाने मात्र नियम पक्का केला आणि २०२२ पासून तिथे नवीन विद्यार्थ्यांना डॉक्टरेटलाच प्रवेश मिळतो. आपल्याला कुणी सक्ती केलेली नाही. त्यामुळे या पदवीची किंमत आपण तिथे काय शिकतो, यावरच ठरते.

पीएच.डी. नवं ज्ञान तयार करते. डी.एन.पी.त जे आधीच सिद्ध झालंय ते वॉर्डात रुजवायला शिकतो, आणि मॅनेजरचं रोजचं दुखणं नेमकं तिथेच असतं. काय करायला हवं ते लेखांत छापलेलं असतं, ते आपल्या मजल्यावर का होत नाही हे कुणी सांगत नाही.

माझ्या प्रकल्पाचं सविस्तर सांगते, म्हणजे नीट कळेल. आमच्या वॉर्डात कॅथेटरमुळे (लघवीच्या नळीमुळे) होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग काही केल्या कमी होत नव्हता. हा आकडा रुग्णालयाला महागात पडतो. अशा संसर्गांच्या एकत्रित गुणांवर मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) देशभरातल्या रुग्णालयांची क्रमवारी लावतं आणि सर्वांत वाईट चतुर्थांशात आलेल्यांचे पैसे १ टक्क्याने कापतं. वरून दबाव आला की आमच्याकडे ठरलेला उपाय असे: नर्सेसना स्वच्छतेचं प्रशिक्षण पुन्हा द्या, सही घ्या.

डी.एन.पी.त पहिलं काम दिलं ते आधी नुसतं बघायचं. कॅथेटर घालतं कोण, कधी, आणि तो काढायचा निर्णय कुणाचा? रेकॉर्ड चाळल्यावर दिसलं की बरेच कॅथेटर ई.आर.मधून (तातडीच्या विभागातून) लागूनच वर येत होते. सकाळी राउंडला येणाऱ्या डॉक्टरांच्या तो लक्षातही नसे. रात्रीच्या नर्सला माहीत असे, पण ऑर्डरशिवाय तिला काढता येत नसे. नळी आत असेपर्यंत लघवीत जंतू येण्याचा धोका दर दिवसागणिक ३ ते ७ टक्के असतो. म्हणजे स्वच्छता कितीही पाळली तरी मूळ प्रश्न दिवसांचा होता.

यावर उपाय जुनाच आहे. निकष ठरवून द्यायचे आणि ते पूर्ण झाले की नर्सनेच कॅथेटर काढायचा. मग आमच्याकडे तो आधीच का आला नव्हता? मी दोन्ही शिफ्टच्या मुलींशी बोलत बसले तेव्हा उलगडत गेलं. कॅथेटर काढल्यावर लघवी अडली तर तपासायला ब्लॅडर स्कॅनर लागतो, आणि एकच स्कॅनर अनेक मजल्यांत फिरत असे. रात्री तो कुठे आहे हेच कळत नसे. शिवाय कॅथेटर निघाला की ओले कपडे बदलणं, बाथरूमपर्यंत धरून नेणं हे सगळं नर्सिंग असिस्टंटवर येतं, आणि रात्रीला त्या कमी. त्यांना विचारल्याशिवाय कागदावर केलेला कुठलाही प्रोटोकॉल पहिल्याच आठवड्यात मोडला असता.

म्हणजे एका कॅथेटरसाठी डॉक्टरांची समिती, खरेदी विभाग आणि फायनान्स अशा तीन ठिकाणी जावं लागणार होतं, आणि प्रत्येक ठिकाणची भाषा वेगळी. डॉक्टरांची शंका रास्त होती: घाईने काढून पुन्हा घालावा लागला तर रुग्णाला दुप्पट त्रास. म्हणून कॅथेटरच्या दिवसांबरोबर पुन्हा घालण्याचं प्रमाण, पडण्याच्या घटना आणि त्वचेच्या जखमाही पहिल्या दिवसापासून मोजल्या. समितीत प्रश्न आला तेव्हा आलेख समोर ठेवता आला. फायनान्सला स्कॅनरची किंमत आणि दंडाची रक्कम शेजारी मांडून दाखवली. स्कॅनर मिळाला, रात्रीला एक जास्तीची असिस्टंट मिळाली, आणि मी तो वॉर्ड सोडल्यावरही कॅथेटरचे दिवस कमीच राहिले. या शेवटच्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त आनंद आहे. मॅनेजर बदलली की सुधारणा विरून जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अभ्यास वाचण्याची समज. नर्सिंग संशोधक लिंडा आयकेन यांचा २००२चा पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांवरचा अभ्यास तुम्ही ऐकला असेलच: नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते. बजेटच्या बैठकीत हे वाक्य नुसतं फेकलं तर समोरचा म्हणतो, तो निरीक्षणावरचा अभ्यास आहे, कारण आणि परिणाम त्यातून सिद्ध होत नाही. त्याचं म्हणणं चूक नसतं. अशा वेळी गप्प न बसता, या पुराव्याचं बळ किती, मर्यादा काय, आणि आपल्या वॉर्डाचे आकडे त्याच्याशी कसे जुळतात हे शांतपणे सांगता येणं, ही नर्स प्रशासकाची खरी ताकद आहे. कॅलिफोर्नियासारखा कायदा, मेड-सर्जला एका नर्समागे जास्तीत जास्त पाच रुग्ण, टेक्सासमध्ये नाही. तिथे तुमच्या नर्सेसची बाजू मांडायला त्या खोलीत तुम्हीच असता.

एम.बी.ए. वाईट नाही. रुग्णालयाच्या व्यवसायाच्या बाजूला, सी.ओ.ओ. (रुग्णालयाचा कारभार चालवणारा अधिकारी) व्हायच्या दिशेने जायचं असेल तर तेच घ्या. नर्सिंगची धुरा सांभाळायची असेल तर डी.एन.पी. आणि जोडीला फायनान्सचे एकदोन चांगले कोर्स, असं मी सुचवेन. भारतात परत जाऊन नर्सिंग कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर मात्र पीएच.डी., कारण तिकडे तीच मोजली जाते.

कॉलेज निवडताना डोळे उघडे ठेवा. डी.एन.पी. देणारी कॉलेजं ४०० च्या वर आहेत आणि सगळ्यांत सारखा दम नाही. बरीच कॉलेजं बी.एस.एन.नंतर (नर्सिंगच्या पदवीनंतर) एकूण १,००० तास प्रत्यक्ष कामाचे धरतात, त्यांत मास्टर्सचे तास वजा होतात. तुमच्याच वॉर्डातली रोजची ड्यूटी तासांत धरून देणाऱ्या कॉलेजात जाऊ नका. ते तास सी.एफ.ओ.बरोबर (फायनान्सच्या प्रमुखाबरोबर), क्वालिटी विभागात, दुसऱ्या रुग्णालयाच्या चीफ नर्सबरोबर जायला हवेत. मागच्या बॅचच्या प्रकल्पांची यादी मागा. नर्सेसना एक लेक्चर दिलं, आधी आणि नंतर प्रश्नपत्रिका सोडवून घेतली, ज्ञान वाढलं, असेच प्रकल्प दिसले तर तिथून निघा. रुग्णाच्या बाबतीत काही बदललं का, हे तिथे कुणी विचारत नाही.

पैशांबद्दल: बहुतेक रुग्णालयं शिक्षणाला मदत देतात आणि वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत करमुक्त असते. त्यासाठी कोर्स रेंगाळला तरी चालेल. पुढे शिकवण्याची इच्छा असेल तर नर्स फॅकल्टी लोनची चौकशी करा. पूर्णवेळ अध्यापन केलं तर त्यातलं ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज माफ होतं. खाजगी कर्ज काढून मात्र करू नका. पगारवाढ तेवढी मिळेलच असं नाही.

आणि प्रवेशअर्ज भरण्याआधी तुमच्या डायरेक्टरांशी बोलून घ्या. वॉर्डाचा डेटा काढायची परवानगी मिळेल का, आणि ज्या समितीत निर्णय होतात तिथे प्रकल्पापुरतं तुम्हाला बसू देतील का? दोन्हींना हो म्हणाल्या तर ईमेलवर लिहून घ्या आणि अर्ज भरा. टाळाटाळ केली तर आधी रुग्णालय बदला, मग डी.एन.पी.