पुरस्काराची यादी कशी वाचावी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. बोर्दोच्या आर्किटेक्चर स्कूलमध्ये प्रवेश मिळाला हे वाचून फार आनंद झाला. सोबत तू फ्रान्सच्या राष्ट्रीय वास्तुकला पुरस्काराची, म्हणजे 'ग्राँ प्री नासिओनाल द लार्शितेक्त्यूर'ची यादी जोडली आहेस आणि दोन प्रश्न विचारले आहेस. यातल्या कोणाचं काम अभ्यासाला घेऊ, आणि या माणसांच्या रांगेत कधीतरी बसायचं तर आत्तापासून काय करू? दुसऱ्या प्रश्नाची तुला घाई झालेली दिसते. पण त्याचं उत्तर पहिल्यातच दडलंय, म्हणून आधी यादीबद्दल लिहितो.

हा पुरस्कार एखाद्या इमारतीला मिळत नाही. वर्षातल्या चांगल्या इमारतीसाठी फ्रान्समध्ये 'एकेर दार्जां' हा वेगळा पुरस्कार आहे. ग्राँ प्री दिला जातो तो आर्किटेक्टच्या आजवरच्या सगळ्या कामाला मिळून. 1975 साली तो पहिल्यांदा जाँ विलेरव्हाल यांना मिळाला. मध्ये काही वर्षं खंड पडला, 2004 पासून तो पुन्हा देऊ लागले. त्याआधी फ्रान्समध्ये आर्किटेक्टचा सर्वांत मोठा मान म्हणजे प्री द रोम. तो विद्यार्थ्यांना स्पर्धेतून मिळायचा, विजेता रोमला राहायला जायचा आणि परत आला की मोठी सरकारी कामं त्याची वाट बघत असायची. म्हणजे शिकत असतानाच्या एका ड्रॉइंगवर जन्माची सोय. 1968 च्या विद्यार्थी आंदोलनानंतर तो बंद झाला. पुढे 3 जानेवारी 1977 च्या कायद्याने तर पहिल्याच कलमात सांगून टाकलं की वास्तुकला ही संस्कृतीची अभिव्यक्ती आहे आणि तिचा दर्जा हा सार्वजनिक हिताचा विषय आहे. ग्राँ प्रीकडे या सगळ्यातून बघ. विद्यार्थिदशेतल्या चमकेला मान देणाऱ्या देशाने नंतर माणसाची बरीच वर्षं बघून मग मान द्यायचं ठरवलं.

आता एक काम कर. यादीतल्या प्रत्येक नावापुढे दोन वर्षं लिही: पुरस्काराचं वर्ष, आणि आज आपण त्या आर्किटेक्टला ज्या कामामुळे ओळखतो ते पूर्ण झाल्याचं वर्ष. जाँ नुव्हेल यांना पुरस्कार 1987 साली मिळाला, पॅरिसचं अरब जग संस्थेचं भवनही त्याच वर्षी उघडलं. इथे जुळतं. पण दोमिनिक पेरो यांना 1993 साली मिळाला तेव्हा त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं काम चालू होतं, उद्घाटन 1995 चं. रुदी रिचोत्ती यांना 2006 साली, आणि मार्सेयचं त्यांचं म्यूसेम संग्रहालय 2013 चं. आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल यांना 2008 साली, आणि तू ज्यांचे फोटो भिंतीवर लावले आहेस त्या बोर्दोच्या इमारती 2017 च्या. मग ज्युरीने त्या वेळी पाहिलं तरी काय? या प्रश्नाच्या मागे लाग. तुझा अभ्यास तिथून सुरू होईल.

मला विचारशील तर तू लाकातों आणि वासाल यांनाच घे. तू बोर्दोत राहणार आहेस आणि त्यांची निम्मी गोष्ट तिथेच घडली आहे, हे एक कारण. दुसरं मोठं कारण पुढे येईलच.

2008 पर्यंत त्यांच्या नावावर काय होतं ते बघ. बोर्दोला लागून फ्लोआराक आहे, तिथे 1993 साली त्यांनी लातापी कुटुंबासाठी एक घर बांधलं. बजेट अगदी बेताचं. त्यांनी राहायचा भाग साधा, चौकोनी ठेवला आणि त्याला जोडून बागेच्या बाजूला शेतकरी वापरतात तसं पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्र्यांचं ग्रीनहाऊस उभं केलं. जागा जवळपास दुप्पट झाली. मार्बल नाही, कोरीव काम नाही, जागा मात्र भरपूर. ही ओढ वासाल यांना नायजरमध्ये लागली असं ते दोघंही सांगतात. 1980 च्या दशकात वासाल तिथे काही वर्षं काम करत होते, आणि हाताशी असेल त्यात सावली आणि वारा कसा मिळवायचा हे त्यांनी तिथल्या माणसांकडून शिकून घेतलं.

मग 1996. बोर्दो नगरपालिकेने त्यांना प्लास लेओं ओकोक या छोट्या त्रिकोणी चौकाचं सुशोभीकरण करायला सांगितलं. चौकात लिंडनची झाडं, बाक, पेतांक खेळायला मोकळी जागा, भोवती साधी घरं. दोघं तिथे जाऊन बसले, लोकांशी बोलले, आणि त्यांनी अहवाल दिला की चौक आहे तसाच सुंदर आहे. खडी नवी घाला, झाडांवर उपचार करा, साफसफाई जास्त वेळा करा, वाहतुकीत थोडा बदल करा. बस. नगरपालिकेने हे मान्यही केलं. बोर्दोला पोचलीस की पहिल्याच आठवड्यात तिथे जा. फोटो काढायला फारसं काही सापडणार नाही. बाकावर बस आणि आपल्या कॉलेजच्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर, हा प्रस्ताव कोणी लावला असता तर काय झालं असतं याचा विचार कर. "शीट्स कुठे आहेत?" एवढंच विचारलं गेलं असतं. मी इतकी वर्षं ज्युरीत बसतोय म्हणून सांगतो, काही न करण्याचा निर्णय पुराव्यानिशी मांडणं हे विद्यार्थ्याला आपण शिकवतच नाही. त्याला जास्त अभ्यास लागतो, कमी नाही.

आता ते मोठं कारण. 2003 साली फ्रान्समध्ये कायदा झाला आणि शहरांच्या कडेच्या जुन्या सरकारी वसाहतींच्या नूतनीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात 2 लाख घरं पाडून तेवढीच नवी बांधायचं उद्दिष्ट होतं. 1960 च्या दशकातले ते लांबलचक ब्लॉक आणि टॉवर बदनाम झालेच होते, पाडताना टीव्हीवर दाखवायलाही बरे. लाकातों आणि वासाल यांनी फ्रेदेरिक द्रुओ यांच्यासोबत 2004 साली 'प्ल्यूस' नावाचा अभ्यास करून याच्या उलट बाजू मांडली: पाडू नका, काढून टाकू नका, असलेल्यात भर घाला. नुसतं आवाहन करून ते थांबले नाहीत. एक घर पाडून नवं बांधायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात किती घरं सुधारता आणि वाढवता येतात याचा हिशेब त्यांनी प्लॅन, सेक्शन (इमारतीचा उभा छेद) आणि आकडे लावून दाखवला. सरकार एका हाताने पाडायला पैसे देत होतं, आणि 2008 साली त्याच सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाने दुसऱ्या हाताने या दोघांना देशाचा सर्वोच्च वास्तुकला पुरस्कार दिला. तोवर त्यांच्या या म्हणण्याची खरी परीक्षा झालेलीही नव्हती. पॅरिसचा बुआ-ल-प्रेत्र टॉवर त्यांनी याच रीतीने वाढवून पुरा केला तो 2011 साली.

आणि 2017 साली तुझ्या बोर्दोतलं ग्राँ पार्क. द्रुओ आणि क्रिस्तोफ ह्युताँ यांच्यासोबत. तीन इमारती, 10 ते 15 मजल्यांच्या, 530 घरं, सगळी भरलेली. इथे जरा थांबून तपशील बघ. मूळ इमारतीच्या खांबांना, स्लॅबला, जिन्यांना हात लावलेला नाही. दर्शनी बाजूला स्वतंत्र पायावर नवे खांब आणि तयार काँक्रीट स्लॅब क्रेनने एकावर एक चढवले. त्यामुळे प्रत्येक घराबाहेर 3.80 मीटर खोलीची जागा तयार झाली. मग जुन्या भिंतीतली छोटी खिडकी काढून तिथे सरकते काचेचे दरवाजे बसवले. दरवाज्याबाहेर हिवाळी बाग, तिला बाहेरून काच आणि पारदर्शक पन्हळी पत्र्याची सरकती तावदानं, आत ऊन परतवणारा पडदा, त्यापुढे बाल्कनी. एका घरातलं काम साधारण 12 ते 16 दिवसांत उरकलं. माणसं घरातच राहत होती. भाडं वाढलं नाही. दर घरामागे खर्च आला सुमारे 50 हजार युरो. 2019 साली या कामाला युरोपियन युनियनचा मीस व्हॅन डर रोह वास्तुकला पुरस्कार मिळाला आणि 2021 साली दोघांना प्रित्झकर, आर्किटेक्टसाठी जगातला सर्वांत मोठा मानला जाणारा पुरस्कार.

तो पडदा लक्ष देऊन बघ. आपण आर्किटेक्ट लोक पडदा हा इंटिरियरवाल्याचा विषय समजतो. इथे तो इमारतीचा भाग आहे. उन्हाळ्यात दिवसा तो ओढायचा आणि तावदानं उघडायची, हिवाळ्यात तावदानं लावून ऊन आत येऊ द्यायचं. म्हणजे तापमान राखायचं अर्धं काम राहणाऱ्याच्या हातात दिलं आहे. आपल्याकडे बाल्कनी बंद करून हॉलमध्ये घेतात ती खोलीच होऊन जाते. ही जागा मुद्दाम पुरती खोली होऊ दिलेली नाही.

तू लिहिलंस की हे सगळं मुंबईच्या जुन्या सोसायट्यांना लावून थीसिस करायचा विचार आहे. जपून. तिथे घरं आक्वितानिस या सार्वजनिक गृहसंस्थेच्या मालकीची, राहणारे भाडेकरू, आणि पैसे घालणारी संस्था पुढची कित्येक वर्षं तीच इमारत सांभाळणार. आपल्याकडे रिडेव्हलपमेंट चालतं ते वाढीव एफएसआयवर (म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकाम करायच्या परवानगीवर) आणि विक्रीच्या फ्लॅटवर. जुन्या रहिवाशाला मोठी जागा मिळते ती बिल्डरच्या नफ्यातून. हे गणित बाजूला ठेवून नुसत्या हिवाळी बागा चिकटवल्यास तर तो थीसिस कोणालाच उपयोगी पडणार नाही. आणि मुंबईच्या पावसात ती जागा काय करेल हा प्रश्न वेगळाच. त्यांच्याकडून हिशेब मांडायची रीत घे. पाडायचा ठराव होण्याआधी कोणी दुरुस्तीचं आणि वाढीव बांधकामाचं एस्टिमेट खरोखर तयार केलं होतं का, हे एका सोसायटीपुरतं शोधलंस तरी खूप झालं.

यादीबद्दल आणखी एक. 1978 या वर्षासमोर जाँ रनोदी यांचं नाव आहे. पॅरिसला गेलीस की मेट्रोच्या 7 नंबरच्या लाइनने शेवटच्या स्टेशनला, मेरी दिव्रीला उतर. बाहेर आलीस की चांदणीसारख्या टोकदार कोनांच्या, झाडांनी झाकलेल्या इमारती दिसतील. सामान्य लोकांसाठीची घरं, एकासारखं दुसरं नाही, आणि जवळजवळ प्रत्येकाला झाडं लावायला माती भरलेली गच्ची. पण रनोदींना पॅरिसलगतच्या या इव्रीत बोलावून आणलं ते रने गायूस्ते या बाईंनी. 1969 पासून इव्रीच्या मध्यवर्ती भागाच्या नूतनीकरणाच्या मुख्य आर्किटेक्ट त्या होत्या. आधीचे टॉवर त्यांचे, पलीकडचं ल लिएगा हे गृहसंकुल त्यांचं, आणि शेवटपर्यंत त्या स्वतः त्याच ल लिएगात राहिल्या. ग्राँ प्रीच्या मुख्य यादीत त्यांचं नाव नाही. 2022 साली, नव्वदी उलटल्यावर, फ्रान्सने त्यांना विशेष सन्मान दिला आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीनेही त्याच वर्षी पुरस्कार दिला. 2023 च्या जानेवारीत त्या गेल्या. मला ही चूक वाटते, आणि छोटी नाही. म्हणून यादीतलं कोणतंही नाव उघडलंस की शेजारी कोण उभं होतं तेही शोध. तू मुलगी आहेस म्हणून सांगतोय असं समजू नकोस, हे मी मुलांनाही सांगतो.

2022 चा ग्राँ प्री फिलिप प्रोस्त यांना मिळाला. त्यांचं बरंचसं काम जुन्या इमारतींवरचं आहे. पण उत्तर फ्रान्समध्ये नोत्र-दाम-द-लोरेतच्या टेकडीवर त्यांनी 2014 साली उभारलेलं स्मारक तू बघावंस असं मला मनापासून वाटतं. गडद काँक्रीटचं एक लंबवर्तुळाकार कडं, आणि आत धातूच्या उंच पत्र्यांवर पहिल्या महायुद्धात त्या भागात मेलेल्या 5,79,606 सैनिकांची नावं. हुद्दा नाही, देश नाही, शत्रू-मित्र नाही, नुसती वर्णानुक्रमाने. त्यात भारतीय सैनिकही आहेत. उतारावर जमीन खाली जाते तिथे कडं सुमारे 60 मीटर अधांतरी राहतं. खाली उभी राहून काँक्रीटचा तो पट्टा कसा तोलला आहे ते बघ, तुझ्या स्ट्रक्चरच्या सरांना नंतर विचार. तिथून फार लांब नाही ते नव्ह-शापेल, जिथे 1927 चं भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. जमल्यास दोन्ही एकाच फेरीत कर.

आता 'आत्तापासून काय करू' याबद्दल. मास्टर्स झाल्यावर स्वतःच्या नावाने प्लॅनवर सही करायची तर आणखी एक परवाना लागतो, त्याचा अभ्यासक्रम ऑफिसमध्ये काम करता करताच होतो. तेव्हा ऑफिस निवडताना नावाकडे बघू नकोस. साइटवर पाठवतात का आणि एस्टिमेट दाखवतात का, हे विचार. 35 च्या आतल्यांसाठी सांस्कृतिक मंत्रालयाचाच तरुण आर्किटेक्टांचा एक उपक्रम आहे, पुढे त्याला अर्ज कर. आणि बाहेरचे म्हणून बिचकू नकोस. 1983 चा ग्राँ प्री मिळालेले आंरी सिरियानी लिमात जन्मले आणि तिथेच शिकले होते. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी 1950 च्या दशकात पॅरिसला विख्यात आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएंच्या ऑफिसात काम करायला लागले तेव्हा त्यांनाही फ्रेंच येत नव्हतं. तू मात्र शिकून जा. ग्राँ पार्कमधल्या आजीबाई तुझ्याशी इंग्रजीत बोलणार नाहीत, आणि तुला सगळ्यात जास्त त्यांनाच विचारायचं आहे: ही जागा जानेवारीत कशी वापरता, ऑगस्टमध्ये कशी, पडदा कोण ओढतं, काय गैरसोय होते. गैरसोयीबद्दल जरूर विचार. फोटोत ती कधीच दिसत नाही.

कोणी घरात येऊ दिलं तर टेप घेऊन जा आणि हिवाळी बागेचा सेक्शन 1:20 च्या प्रमाणात काढ. पडद्याची पट्टी, रेलिंगची उंची, तावदानाचा रूळ, ठेवलेल्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे, सगळं दाखव. झाला की मला पाठव, मग थीसिसच्या विषयाचं बोलू.

तुझे,
सर