लेकरू चांगलं आहे, मग माया का येत नाही?

"मॅडम, लेकरू चांगलं हाय, घरचे चांगले हायत, मग मलाच माया का येईना?" लातूरमधील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, अलीकडे तो बाई खुर्चीवर टेकण्याआधीच मला ओळखू येतो. कधी ती स्वतः विचारते, अधिक वेळा तिची आई किंवा सासू तोच प्रश्न "सगळं असून ही रडती कशाला?" अशा शब्दांत विचारते. याचे उत्तर एका बाळंतिणीच्या निमित्ताने देते. तिची ओळख पटू नये, इतपत तपशील बदलले आहेत.

औसा तालुक्यातील ही बाई दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहिली मुलगी चार वर्षांची, दुसरीही मुलगीच. दवाखान्यातील बाळंतपणानंतर आशाताई ठरावीक दिवशी घरी येतात, त्यांतील शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी असते. त्या दिवशी बाळाचे वजन करून आशाताई म्हणाल्या, "लेकराचं वाढतंय, पण मायचं उतरायलंय," आणि त्यांनीच तिला माझ्याकडे पाठवले. ही नजर मोठमोठ्या पदव्यांनीही येत नाही.

पहिल्या भेटीत तिची आईच बोलली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, कशातच कमी नव्हते. दृष्ट काढून झाली होती, अंगाराही लावून झाला होता. ती खाली मान घालून बसली होती. मी तिला सांगितले की असे पुष्कळ जणींना होते, काळजी करू नका. ती "बरं" म्हणाली आणि गप्प झाली. ती चूक माझी होती. घाईने दिलेला धीर समोरच्याचे तोंड बंद करतो, हे इतक्या वर्षांनंतरही मला पुन्हा शिकावे लागले.

दुसऱ्या भेटीत तिच्या आईला बाळासह ओसरीत बसवले आणि बाळंतिणीला सरळ विचारले, "आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का?"

"रोज वाटतं."

"जीव द्यावा, असं मनात येतं?"

"न्हाई. कुठंतरी निघून जावं वाटतं. लेकराला माज्यापेक्षा चांगली माय मिळंल."

असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल, अशी भीती घरच्यांना वाटते. तसे होत नाही. उलट कोणी तरी विचारले, याचाच भार उतरतो. उत्तर "हो" आले असते, तर मी तिला एकटीला सोडले नसते आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले असते. अशा वेळी १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या, क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.

मुलीबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली, "घरात कुणीच काही बोललं न्हाई. पहिलीच्या वेळी जिलेबी वाटली होती. या वेळी तीबी न्हाई." गोव्यातील मातांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुलाची अपेक्षा असताना मुलगी होणे हे बाळंतपणानंतरच्या नैराश्याशी जोडलेले आढळले होते. टोमणा लागतोच असे नाही, न वाटलेली जिलेबीही पुरते. शिवाय तिचे दुःख बाळंतपणाने सुरू झालेलेच नव्हते. सातव्या महिन्यापासून तिची झोप गेली होती; डोहाळजेवणाच्या फोटोत ती हसत होती, म्हणून कोणाला संशय आला नाही.

तिसऱ्या भेटीत ती बोलत असताना ओसरीत बाळ रडू लागले. तिने मानही वळवली नाही. बोलता बोलताच म्हणाली, "हे भुकंचं न्हाई. पोटात कळ आल्यावरचं हाय. पालथं घेतलं की थांबंल." तिच्या आईने मांडीवर थोपटून पाहिले, पदर हलवून पाहिला, शेवटी बाळाला पालथे घेतले, आणि रडणे थांबले.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारले.

"कुणी कशाला सांगायला पायजे? कळतंय की."

"तुमच्या आईला कळलं नाही. मलाही कळलं नाही."

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पण मॅडम, आतून काहीच वाटत न्हाई हो."

"आतलं वाटणं दमून मागं राहिलंय. कान आणि हात पुढं निघून गेलेत. ते येईल मागून."

त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली. मायेचा पाझर बाळंत होताक्षणी फुटलाच पाहिजे, ही अपेक्षाच मला क्रूर वाटते. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी बाळाला परिपूर्ण नव्हे, पुरेशी चांगली आई लागते असे मांडले. माझा सारा भर त्याच विचारावर आहे.

तथापि, एवढ्याने ती बरी झाली असे लिहिले, तर ती माझी बढाई ठरेल. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास येणारे रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरते. हिचे सातवा आठवडा लागला तरी ओसरले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बाळंतपणानंतर सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतो आणि विकसनशील देशांत हे प्रमाण आणखी जास्त आहे. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घेतले, अंगावर पाजतानाही चालणारे औषध दिले, आणि ते मनाने बंद करायचे नाही, हे तिच्या नवऱ्याला बोलावून सांगितले. बाळंतिणीला भास होत असतील, ती रात्र रात्र जागी राहून असंबद्ध बोलत असेल, बाळाविषयी विचित्र खात्रीने काही सांगत असेल, तर मात्र तो वेगळा, दुर्मीळ आणि तातडीचा आजार असतो. तिथे "बाहेरचं झालंय" म्हणून उतारा करण्यात दिवस घालवू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घरच्यांकडे मी एकच गोष्ट मागितली, आणि ती लाडवांपेक्षा अवघड निघाली. रात्री सलग पाच तास तिला झोपू द्यायचे. मध्ये बाळ उठले, तर काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने दुसऱ्या कोणी पाजायचे. "लेकरू मायपाशीच झोपतंय," असे म्हणत आजीने आठवडाभर टाळाटाळ केली.

दोन महिन्यांनी एका दुपारी चौकशीसाठी फोन केला, तो आजीनेच उचलला. "झोपलीय ती, मॅडम. लेकरू माज्यापाशी हाय. उठवू का?"

"नको, नको," म्हणून मी फोन ठेवला.