एअर फ्रायर घ्यायचा, पण बास्केटचा की ओव्हनचा?

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्रात विचारलेला प्रश्न अनेक घरांत पडलेला असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. घरात आम्ही दोघे, शाळेत जाणारी दोन मुले आणि सासूबाई अशी पाच माणसे आहोत. तळण कमी करावे म्हणून एअर फ्रायर घ्यायचे ठरवले, तर दुकानात दोन प्रकार दाखवले. एक ड्रॉवरसारखी बास्केट बाहेर ओढायचा, 4 लिटरचा. दुसरा काचेच्या दाराचा, ओव्हनसारखा, 23 लिटरचा. दुकानदाराचे म्हणणे असे की दुसऱ्यात जवळजवळ सहापट पदार्थ मावतो आणि केक, पिझ्झाही होतो, त्यामुळे पहिला घेण्यात अर्थच नाही. आमचा ओटा लहान आहे. आम्ही काय घ्यावे?

उत्तर : दुकानदाराने सांगितलेला सहापटीचा हिशेब आधी बाजूला ठेवावा. लिटर हे आतल्या पोकळीचे माप आहे, आणि एअर फ्रायरमध्ये पदार्थ पोकळीत भरायचा नसतो. तो जाळीवर एकेरी थरात मांडायचा असतो. चार लिटरच्या चौकोनी बास्केटचा तळ साधारण 20 सेंटिमीटर लांब व तेवढाच रुंद असतो, आणि तेवीस लिटरच्या ओव्हनचा ट्रे साधारण 30 बाय 25 सेंटिमीटर. म्हणजे एका ट्रेवर मावणारा पदार्थ दुपटीच्या थोडा आत-बाहेरच असतो. दोन ट्रे एकावर एक लावता येतात हे खरे. मात्र वरचा ट्रे खालच्याची हवा आणि कॉइलची आच दोन्ही अडवतो, त्यामुळे अर्ध्या वेळेनंतर त्यांची अदलाबदल करावी लागते. दुकानात जाताना मोजपट्टी न्यावी आणि जाळीची लांबी-रुंदी स्वतः मोजावी.

दोन्ही यंत्रांचे तत्त्व एकच आहे. कॉइल हवा तापवते, पंखा ती हवा पदार्थावर वेगाने फिरवतो, पृष्ठभागावरचा ओलावा उडून जातो आणि पदार्थाला खरपूसपणा येतो. फिलिप्सने 2010 साली बर्लिनच्या प्रदर्शनात एअरफ्रायर प्रथम मांडला तो बास्केटचाच होता. बास्केटच्या यंत्रात पोकळी लहान असते, पंखा आणि कॉइल पदार्थाच्या अगदी डोक्यावर असतात आणि हवेला दुसरीकडे जायला वाव नसतो. ओव्हनमध्ये तीच हवा मोठ्या जागेत पसरते, काचेच्या दारातून उष्णता बाहेर जाते, आणि त्यामुळे पदार्थ होतो तोच, पण सावकाश होतो आणि किंचित कमी कुरकुरीत होतो. या दोन प्रकारांतले बाकीचे जवळजवळ सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात.

कोथिंबिरीच्या वडीचे उदाहरण घेऊ, कारण ती एअर फ्रायरमध्ये उत्तम होते. उंडा वाफवून, पूर्ण गार करून वड्या कापाव्यात. गरम असताना कापल्या तर कडा चुरतात आणि तो चुरा पंख्याने उडून कॉइलपर्यंत जातो. दोन्ही बाजूंना ब्रशने तेलाचा हात फिरवून वड्या सुट्या मांडाव्यात. बास्केटमध्ये 190 अंशांवर बारा ते पंधरा मिनिटांत, मध्ये एकदा उलटवून, त्या बाहेरून खमंग आणि आतून मऊ होतात. ओव्हनमध्ये आधी पाच मिनिटे तापवणे आणि नंतर वीस-बावीस मिनिटे असा वेळ धरावा. पण पाच माणसांसाठी लागणाऱ्या वड्या चार लिटरच्या बास्केटमध्ये एका वेळी मावणार नाहीत. दुसरा घाणा होईपर्यंत पहिल्या घाण्याच्या वड्या नरम पडतात, आणि वाफवलेल्या डाळीच्या पिठाची वडी एकदा नरम पडली की तिची गोडी जाते. ओव्हनच्या एका ट्रेवर त्या सगळ्या एकदम होतात आणि सगळ्यांना एकत्र जेवता येते.

विजेचेही तसेच आहे. एक युनिट म्हणजे 1000 वॅटचे उपकरण एक तास चालणे. 1500 वॅटची बास्केट पंधरा मिनिटे चालली तर जास्तीत जास्त 0.375 युनिट जाते; 1700 वॅटचा ओव्हन सत्तावीस मिनिटे चालला तर जास्तीत जास्त 0.765 युनिट. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मधून मधून कॉइल बंद करत असल्याने दोन्ही आकडे कमी होतात. एका घाण्यापुरती बास्केट स्वस्त पडते हे यातून दिसते, पण दोन घाणे लागले की हा फायदा जवळपास संपतो.

आता केक. बास्केटमध्ये केक होत नाही असे नाही, पण कॉइल आणि पंखा वरच असल्यामुळे वरचा भाग लवकर लाल होतो, फुटतो, आणि मधला भाग कच्चा राहू शकतो. तापमान 150 ते 160 अंशांपर्यंत खाली आणून, भांड्यावर फॉइल घट्ट दाबून बसवले तर काम भागते. फॉइल सैल राहिले तर ते उडून कॉइलला चिकटते. नानकटाई, लादीपाव, बिस्किटे यांना खालूनही आच लागते आणि वाऱ्याचा मारा नको असतो. म्हणून ओव्हनचा प्रकार घेणार असाल तर खाली स्वतंत्र कॉइल आहे का आणि पंखा पूर्ण बंद करता येतो का, या दोन गोष्टी विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काही यंत्रे दिसायला ओव्हनसारखी असतात, पण त्यांत कॉइल फक्त वरच असते; ती खरे तर काचेच्या दाराची मोठी बास्केटच म्हणावी लागेल.

स्वच्छतेत बास्केट निर्विवाद सरस आहे. ती ओढून काढायची, कोमट पाण्यात भिजवायची, मऊ स्पंजने घासायची, की काम झाले. ओव्हनमध्ये तेलाचे शिंतोडे भिंतींवर, काचेवर आणि वरच्या कॉइलभोवती बसतात, ते दर वेळी पुसले नाहीत तर पुढच्या वेळी धूर होतो. रवा लावलेली सुरमई ओव्हनमध्ये केली आणि पुसायचे राहिले, तर दुसऱ्या दिवशीच्या केकला माशाचा वास येतो. ज्या घरात आठवड्यातून दोन-तीनदा मासे होतात, त्यांनी या एका मुद्द्यावर बास्केट घेतली तरी मी त्यांना चूक म्हणणार नाही. माशावरच्या रव्याला मात्र दोन्ही यंत्रांत तेलाचा ब्रश फिरवावाच लागतो, नाहीतर कोरड्या रव्याचे पांढरे डाग तसेच राहतात.

ओट्याचा विचार आपण केलात हे योग्य झाले. ओव्हन एकदा ठेवला की रोज हलवता येत नाही, त्याचे दार पुढे उघडायला जागा लागते आणि त्याची काच हाताला चटका बसेल इतकी तापते. दोन्ही यंत्रांच्या मागे व वर किमान हाताची वीत मोकळी सोडावी, कारण गरम हवा तिथूनच बाहेर पडते. वर लॅमिनेटचे कपाट किंवा मागे गॅसची नळी असेल तर ती जागा वापरूच नये. जोडणीही पाहावी. 230 व्होल्टला 6 अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे 1380 वॅटच घेता येतात, त्यामुळे यांपैकी कोणत्याही यंत्राला 16 अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेट हवे. एक्स्टेन्शन बोर्डवर ही यंत्रे चालवू नयेत.

सासूबाई यंत्र वापरणार असतील तर आणखी एक गोष्ट. बास्केट भरलेली असताना एका हाताने ओढून हलवावी लागते, आणि मनगट किंवा बोटे दुखणाऱ्या माणसाला ते जड जाते. ओव्हनचा ट्रे दोन हातांनी, जाड कापडाने धरून काढता येतो. त्याउलट लहान मुले ओट्यापाशी घुटमळत असतील तर बाहेरून फारशी न तापणारी बास्केट अधिक सुरक्षित.

आपल्या घरात माणसे पाच आहेत, म्हणून चार लिटरची बास्केट घेऊ नये, ती दोघांच्या संसाराला योग्य आहे. मुलांसाठी केक, पाव, बिस्किटे खरोखर घरी करण्याचा विचार असेल आणि ओव्हनसाठी कायमची जागा काढता येत असेल तर खालची कॉइल असलेला ओव्हन घ्यावा. तसे नसेल तर सहा लिटर किंवा त्याहून मोठी, रुंद तळाची बास्केट घ्यावी. माझा कल आपल्या बाबतीत दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण लहान ओट्यावर अडचण करणारे यंत्र काही महिन्यांत माळ्यावर जाते. बटाटेवडे, कांदाभजी आणि कुरडया यांसाठी कढई ठेवावीच. ओले पीठ घट्ट होण्याआधीच जाळीतून गळते, आणि कुरडईला फुलण्यासाठी तापलेल्या तेलाची एकदम मिळणारी आच लागते, ती हवेतून मिळत नाही.

प्रश्न : आमच्याकडे कोल्हापुरात पंखा असलेला 28 लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे. मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे एअर फ्रायरची सोय असलेला टोस्टर ओव्हन आहे, तसाच नवा आणून देते म्हणते. आणू द्यावा का?

उत्तर : मुलीचे प्रेम समजण्यासारखे आहे, पण आणू देऊ नये. अमेरिकेत घरगुती वीज 120 व्होल्टची आहे आणि आपल्याकडे 230 व्होल्टची. तिकडची कॉइल इथल्या सॉकेटला जोडली तर तिच्यातून जवळजवळ दुप्पट प्रवाह जातो आणि उष्णता जवळजवळ चौपट होऊ पाहते. यंत्र जळते किंवा घरातला एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह आला की वीज तोडणारा स्विच, पडतो. प्लगवर ॲडॅप्टर बसवल्याने फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. 1800 वॅट पेलणारा ट्रान्सफॉर्मर घेता येतो, पण तो जड, महाग आणि ओट्यावर ठेवण्यासारखा नसतो. शिवाय बिघाड झाला तर दुरुस्ती आणि वॉरंटी दोन्ही समुद्रापलीकडे.

याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याला त्याची गरज नाही. पंखा असलेला ओटीजी आणि एअर फ्रायर ओव्हन हे सख्खे भाऊ आहेत. दुसऱ्याचा पंखा अधिक जोरदार असतो आणि त्याला सच्छिद्र जाळी दिलेली असते, एवढाच मुख्य फरक. आपल्या ओटीजीत पदार्थ सपाट ट्रेवर ठेवता तो तारेच्या जाळीवर, वरच्या खाचेत ठेवून पाहावा आणि खाली ट्रे लावावा. ओटीजी दहा मिनिटे आधी तापवावा, वर-खाली दोन्ही कॉइल व पंखा चालू ठेवावा. अळूवड्या, बटाट्याच्या काचऱ्या, शेंगदाणे यांत आपल्याला समाधानकारक फरक दिसेल. एवढे करूनही आणखी काही हवेसे वाटले तर दोघांपुरती लहान बास्केट इथेच घ्यावी, कारण ओटीजीला जे जमत नाही ते, म्हणजे थोडा पदार्थ चटकन करणे, तिला जमते.

मुलगी पाककृती पाठवत असेल तर त्यांतले अंश फॅरनहाइट आहेत हे लक्षात ठेवावे. 375 फॅरनहाइट म्हणजे सुमारे 190 सेल्सिअस, आणि 400 म्हणजे सुमारे 204.

प्रश्न : तेल कमी लागले तरी एअर फ्रायरमध्ये अपायकारक द्रव्य तयार होते, असे वाचले. ते दोन्ही प्रकारांत होते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण वाचलेले द्रव्य बहुधा ॲक्रिलामाइड असावे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी 2002 साली ते नेहमीच्या अन्नात आढळल्याचे जाहीर केले. बटाटा, पाव यांसारख्या पिष्टमय पदार्थांतील साखर आणि ॲस्पॅरॅजिन हे अमिनो आम्ल 120 अंशांच्या वर एकत्र आले की ते तयार होते. तळणे, भाजणे आणि बेक करणे या तिन्हींत ते होते, त्यामुळे बास्केट असो की ओव्हन, त्यातून सुटका नाही. उकडलेल्या, वाफवलेल्या पदार्थात मात्र ते जवळजवळ होत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने कर्करोग होऊ शकतो असे दिसले आहे. माणसाच्या आहारातून मिळणाऱ्या प्रमाणाबद्दल तितका ठोस पुरावा नाही, पण ते कमी ठेवावे हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो पाळणे अवघड नाही.

तापमान आणि रंग हाच यातला खरा लगाम आहे. बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण थंडीत त्यांतली साखर वाढते. काचऱ्या करून अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, फडक्याने पूर्ण कोरड्या कराव्यात आणि 200 अंशांऐवजी 180 अंशांवर थोडा अधिक वेळ द्यावा. सोनेरी रंग आला की काढाव्यात. तपकिरी होऊ देऊ नयेत, आणि कडेच्या काळपट झालेल्या काचऱ्या टाकून द्याव्यात.

या बाबतीत ओव्हनचा एक फायदा आहे. त्याची काच आणि आतला दिवा यांमुळे रंग बदलताना दिसतो, तर बहुतेक बास्केटमध्ये ड्रॉवर ओढल्याशिवाय काही कळत नाही. बास्केट वापरणाऱ्यांनी शेवटच्या पाच मिनिटांत दोनदा ती उघडून पाहावी, त्याने वेळ फारसा वाढत नाही. ओव्हन वापरणाऱ्यांनी काचेवर तेलाचा थर बसू देऊ नये, कारण पिवळट झालेल्या काचेतून सोनेरी आणि तपकिरी रंग सारखेच दिसतात.